ऑक्सिजन ९० वर, पायांना सूज, जेवण नाही, साखर वर-खाली: घरी काय बघायचं

तुम्ही चार प्रश्न वेगवेगळे विचारले आहेत. बाबांचा ऑक्सिजन ९०-९१ च्या वर जात नाही तर मशीनचा प्रवाह वाढवू का? पाय सुजलेत तर पाणी किती द्यायचं? दोन घासांत ताट सरकवतात, त्याचं काय करायचं? आणि थायरॉईड-साखर इतकी वर्षं ठीक होती, ती आत्ताच का बिघडली? वय ७४, सीओपीडी (श्वासनलिका अरुंद करणारा फुफ्फुसांचा जुना आजार), हृदय कमकुवत, आणि दवाखान्यातून नुकतेच सुदामा नगरच्या घरी आलेत.

मी इंदूरमध्येच मेडिसिन वॉर्डात सिस्टर म्हणून नोकरी केली, आता निवृत्त आहे. अशा पेशंटच्या बाबतीत या चार गोष्टी सुट्या बघून चालत नाही. एकासाठी दिलेलं औषध दुसरीकडे त्रास उभा करतं, आणि ते डॉक्टरांच्या आधी घरातल्या माणसाला दिसतं. म्हणून उत्तर लांबणार आहे, पण शेवटपर्यंत वाचा.

आधी ऑक्सिजन. प्रवाह तुमच्या मनाने वाढवू नका. जुन्या सीओपीडीच्या बऱ्याच पेशंटसाठी डॉक्टर ८८ ते ९२ एवढंच लक्ष्य ठेवतात. डिस्चार्ज कार्डावर बाबांचं काय लिहिलंय ते बघा, नसेल तर आजच फोन करून विचारा. अशा फुफ्फुसांना गरजेपेक्षा जास्त ऑक्सिजन मिळाला की रक्तात कार्बन डायऑक्साइड साठू शकतो, आणि बोटाला लावलेलं ऑक्सिमीटर तो दाखवत नाही. आकडा ९७ आला म्हणून घरचे खूश असतात आणि पेशंट दिवसभर पेंगत असतो, सकाळी डोकं दुखतं म्हणतो, बोलताना गोंधळतो. त्या पेंगण्याला चांगली झोप समजू नका. असं दिसलं तर मशीन स्वतःहून बंदही करू नका, आहे त्या प्रवाहावर सरळ दवाखान्यात न्या.

आकडा घेण्याचीही पद्धत आहे. आपल्याकडे डिसेंबर-जानेवारीत सकाळी बोटं गार पडलेली असतात, तेव्हा आकडा खोटाच कमी येतो. बाबांना पाच मिनिटं शांत बसवा, हात चोळून गरम करा, आकडा स्थिरावला की मग लिहा. आणि नुसत्या ऑक्सिजनवर थांबू नका, श्वास मोजा. मनगट धरून नाडी बघतोय असं दाखवायचं आणि पूर्ण एक मिनिट पोटाची हालचाल मोजायची, कारण श्वास मोजताय हे कळलं की माणूस श्वास बदलतो. मोठ्या माणसाचे साधारण १२ ते २० असतात. बाबांचे कदाचित २२ हेच नेहमीचे असतील, त्यात वाढ झाली की सावध व्हायचं.

श्वासाच्या औषधाचा पंप (इनहेलर) कसा घेतात ते एकदा समोर बसून बघाच. निम्म्या घरांत औषध जिभेवरच राहतं असं मला वाटत आलं आहे. पंप हलवायचा, स्पेसरला (पंपाला जोडायच्या पोकळ नळकांड्याला) लावायचा, आधी श्वास पूर्ण सोडायचा, ओठ घट्ट मिटायचे, एकदाच दाबायचं, सावकाश खोल श्वास घ्यायचा आणि जमेल तितका, आठ-दहा अंकांपर्यंत, रोखायचा. दुसरा पफ अर्ध्या-एक मिनिटाने. स्टेरॉइडचा पंप असेल तर नंतर खळखळून चूळ भरून थुंकायची. का, ते जेवणाच्या मुद्द्यात सांगते.

एक कळकळीची सूचना. देवघर त्याच खोलीत असेल तर मशीन तरी हलवा किंवा देव तरी. ऑक्सिजन चालू असताना जवळ निरांजन, उदबत्ती, विडी, गॅस, काहीही नको. कपड्यांत आणि पांघरुणात ऑक्सिजन मुरलेला असतो, ठिणगी पडली तर भडका उडायला वेळ लागत नाही. आजी ऐकत नसतील तर त्यांना हेच कारण सांगा, समजून घेतील.

आता पाणी. सूज किती आहे हे डोळ्यांनी ठरवू नका. नडगीवर अंगठा काही सेकंद दाबून धरा, सोडल्यावर खड्डा राहतो का, आणि तो घोट्यापर्यंतच पडतो की गुडघ्याकडे वर सरकलाय, ते बघा. पण सगळ्यात खरं बोलतो तो वजनकाटा. रोज सकाळी, लघवी झाल्यावर, चहाच्या आधी, तेवढेच कपडे घालून, त्याच काट्यावर. अंगात एक लिटर पाणी साठलं की वजन एक किलो वाढतं. दोन-तीन दिवसांत दोन किलो वाढलं तर ते चरबीचं नसतं. त्याच दिवशी डॉक्टरांना कळवा, धाप लागायची वाट बघू नका. रात्री झोपायला किती उशा लागतात तेही लिहा. एकाच्या दोन झाल्या, किंवा ते खुर्चीत बसून झोपायला लागले, तर पाणी छातीपर्यंत पोहोचतंय.

किती प्यायचं ते प्रमाण डॉक्टर ठरवतील, बऱ्याचदा दीड ते दोन लिटर असतं. मोजायची माझी रीत सांगते. सकाळी तेवढं पाणी एका जगात भरून ठेवायचं. बाबांनी कपभर चहा घेतला की जगातलं कपभर पाणी दुसऱ्या भांड्यात काढायचं. वरण, ताक, सूप, दूध, गोळीबरोबरचं पाणी, सगळ्याचं असंच. जगात उरेल तेवढंच आजचं. बाबांनाही ते डोळ्यांसमोर दिसतं, त्यामुळे वाद होत नाहीत. घसा कोरडा पडला तर तोंड ओलं करून थुंकू द्या, लिंबाची फोड चाटू द्या.

आणि मीठ, ज्यावर आपण इंदूरकर काही केल्या बोलायला तयार नसतो. भाजीत मीठ कमी केलं आणि पोह्यांवर मूठभर सेव टाकून वर जीरावण मसाला भुरभुरला, तर काय उपयोग? जीरावणात काळं मीठ असतंच. दिवसाचं सगळं मिळून ५ ग्रॅम, म्हणजे चहाचा सपाट चमचाभर, ही निरोगी माणसाचीसुद्धा वरची मर्यादा आहे. सेव, पापड, लोणचं काही महिने घरात दिसेल अशा जागी ठेवूच नका. ‘कमी सोडियमचं’ मीठ मात्र विचारल्याशिवाय आणू नका. त्यात पोटॅशियम असतं, आणि स्पायरोनोलॅक्टोनसारखी पोटॅशियम अंगात धरून ठेवणारी लघवीची गोळी चालू असेल किंवा किडनी कमकुवत असेल तर रक्तातलं पोटॅशियम धोक्याच्या पातळीवर जाऊ शकतं.

पोटॅशियम उलट दिशेलाही घसरतं. लघवी होण्याची फ्युरोसेमाइड गोळी ते बाहेर काढते, साल्बुटामॉलची वाफ ते रक्तातून पेशींत ढकलते, आणि स्टेरॉइडही त्यात भर घालतं. बाबांना तिन्ही चालू असतील. पोटऱ्यांत गोळे, गळून गेल्यासारखं वाटणं, नाडी चुकल्यासारखी लागणं, हे दिसलं तर सोडियम-पोटॅशियमची तपासणी करायची का ते लगेच विचारा. लघवीची गोळी सकाळी द्या. दुसरा डोस असेल तर दुपारी चारच्या आत, नाहीतर रात्री उठून अंधारात पडायची भीती.

जेवणाबद्दल तुम्ही लिहिलंय, ‘वजन तर तेवढंच आहे, मग काळजी नाही ना?’ आहे. तुमच्या सगळ्या प्रश्नात मला हेच वाक्य जास्त खटकलं. मांस झडतं आणि त्याच वेळी पाणी साठतं, तेव्हा काटा जागचा हलत नाही. गालाची हाडं वर आलीत का, मनगटातलं घड्याळ सैल झालंय का बघा. शिंप्याच्या टेपने दंडाच्या मध्यावर घेर मोजून महिन्यातून दोनदा लिहा. सीओपीडीत श्वास घेण्यातच इतकी ताकद जाते की माणूस बसल्या जागी वाळतो, आणि छातीचे स्नायू वाळले की धाप आणखी वाढते.

ताट सरकवतात तेव्हा आग्रह करण्याआधी तोंड उघडून बघा. स्टेरॉइडच्या पंपानंतर चूळ भरली नाही तर जिभेवर, गालाच्या आत पांढरा थर धरतो, गिळताना आग होते. कवळी सैल झाली असेल, पोट साफ नसेल, तरी जेवण जात नाही. फुगलेलं पोट छाती आणि पोटामधल्या पडद्याला वर दाबतं आणि श्वास अपुरा पडतो. म्हणून जेवणाआधी अर्धा तास विश्रांती, नाकातली नळी जेवतानाही चालू, पाठ सरळ, आणि तीन मोठ्या जेवणांऐवजी पाच-सहा छोटी. मऊ खिचडीवर तूप, मुगाचं धिरडं, पनीर, चालत असेल तर अंडं. दाल-बाफले तूर्त लांबच बरे. किडनी ठीक असेल तर वजनाच्या किलोमागे साधारण १ ते १.२ ग्रॅम प्रथिनं पोटात जायला हवीत. एका अंड्यात सहा ग्रॅमच्या आसपास असतात, त्यावरून अंदाज येईल.

राहिली साखर आणि थायरॉईड. साखर बिघडण्याचं कारण बहुधा दवाखान्यातून दिलेलं प्रेडनिसोलोन, म्हणजे स्टेरॉइडची गोळी. सकाळी घेतलेल्या या गोळीने साखर दुपारी-संध्याकाळी चढते, उपाशीपोटीची तपासणी छान येते आणि आपण फसतो. तेव्हा जेवणानंतरची आणि संध्याकाळचीही बघा. खरी जोखीम पुढे आहे. स्टेरॉइडचा डोस उतरत जाईल तशी साखरही उतरेल, पण वाढवलेलं इन्सुलिन किंवा गोळी तशीच राहिली तर पहाटे साखर पडेल. डोस कमी होईल त्या प्रत्येक दिवशी डॉक्टरांना विचारा, ‘साखरेचं औषध तेवढंच ठेवायचं का?’ आणि बरेच दिवस चाललेलं स्टेरॉइड एकदम बंद कधीही करू नका. शरीराने स्वतःचं बनवणं थांबवलेलं असतं, रक्तदाब कोसळू शकतो.

साखर ७० च्या खाली आली, किंवा दरदरून घाम, थरथर, चिडचिड दिसली, तर तीन चमचे साखर अर्ध्या कप पाण्यात, आणि १५ मिनिटांनी पुन्हा तपासणी. शुद्ध हरपत असेल तर तोंडात काहीही घालू नका.

थायरॉईडची गोळी उपाशीपोटी, साध्या पाण्याबरोबर, चहाच्या आधी अर्धा ते एक तास. स्टेरॉइडमुळे कॅल्शियमची गोळीही दिलेली असते, आणि घरी सगळ्या गोळ्या सकाळी एकाच मुठीत दिल्या जातात. कॅल्शियम किंवा लोह त्याच वेळी पोटात गेलं की थायरॉईडची गोळी अंगी लागत नाही. चार तासांचं अंतर ठेवा. थायरॉईड कमी पडलं की सूज, बद्धकोष्ठ, सुस्ती, सगळं वाढतं, आणि आपण दोष हृदयाला देत बसतो.

एक वही करा. सकाळचं वजन, ऑक्सिजन आणि तेव्हाचा प्रवाह, श्वास, साखर, किती खाल्लं, किती उशा. एवढंच, रोज एक ओळ. ओठ निळसर, एक वाक्य एका दमात पूर्ण होत नाही, श्वास ३० च्या वर, नव्याने गोंधळ किंवा जागं करूनही न उठणं, यातलं एकही दिसलं तर वही बाजूला ठेवून १०८ ला फोन करा, आणि सीओपीडी आहे, घरी इतक्या प्रवाहावर ऑक्सिजन चालू आहे, हे आधी सांगा.

औषधांची यादी वेळांसकट इथे लिहिलीत तर कोणती गोळी कशाच्या किती आधी-नंतर द्यायची ते मी जुळवून देईन. डोस मात्र तुमचे डॉक्टरच ठरवतील.