काँक्रीटसाठी सीलर निवडताना

घरासमोरचे अंगण आणि हळदीचे गोदाम या दोन्हींसाठी एकच सीलर (काँक्रीटला पाणी आणि डागांपासून वाचवणारा लेप) घेण्याचा आपला विचार आहे, तो कृपया सोडून द्यावा. सांगलीतल्या अंगणाला ऊन आणि पाऊस सोसायचा असतो. गोदामातला प्रश्न डागांचा आणि धुळीचा.

अंगणासाठी सिलेन-सिलोक्सेन जातीचा, आत मुरणारा सीलर घ्यावा. तो सूक्ष्म छिद्रांच्या भिंतींना पाणी धरू देत नाही, पण छिद्रे बुजवतही नाही. त्यामुळे आतली वाफ बाहेर पडत राहते, पृष्ठभाग निसरडा होत नाही आणि रंगही फारसा बदलत नाही. मात्र तेल आणि हळद यांच्यापुढे त्याचे फारसे चालत नाही, आणि कृष्णेच्या पुराचे साचलेले पाणी अडवणे हे तर त्याचे कामच नव्हे, विक्रेता काहीही सांगो.

गोदामात इपॉक्सीचा, म्हणजे दोन घटक मिसळून लावल्यावर कडक होणाऱ्या रेझिनचा, थर योग्य ठरतो. उन्हात तो पिवळा पडतो, म्हणून बाहेर वापरू नये. अ‍ॅक्रिलिक स्वस्त असले तरी वर्दळीखाली लवकर झिजते.

नवे काँक्रीट असेल तर साधारण २८ दिवस थांबावे. इपॉक्सीपूर्वी दीड फूट लांब आणि दीड फूट रुंद प्लास्टिक चारही कडांनी चिकटवून किमान १६ तास ठेवावे. खाली दव जमले किंवा काँक्रीट काळवंडले, तर जमिनीतून ओल येत आहे आणि थर पुढे फुगून सुटण्याचा धोका आहे, असे समजावे. मुरणाऱ्या सीलरसाठी कोरड्या पृष्ठभागावर पाण्याचे थेंब टाकावेत. ते शोषले गेले नाहीत, तर वर जुना सीलर किंवा क्युरिंग कंपाउंड (नव्या काँक्रीटमधले पाणी लवकर उडू नये म्हणून मारलेला थर) असण्याची शक्यता आहे. तो थर आधी काढावा लागेल.