बाबांना आकडा सांग

प्रश्न : ताई, मी बडोद्याची, घर दांडिया बाजारात. ऑक्टोबरपासून जर्मनीत मास्टर्स करतेय. ब्लॉक्ड अकाउंटमधून, म्हणजे व्हिसासाठी आधीच पैसे भरून ठेवलेल्या खात्यातून, महिन्याला 992 युरो येतात, पण वीस तारखेनंतर हातात काही उरत नाही. खोलीच्या डिपॉझिटसाठी मैत्रिणीकडून 900 युरो घेतले होते, दरमहा 100 फेडतेय, अजून 400 बाकी आहेत. मार्चमध्ये सेमिस्टरचे 320 भरले आणि त्या महिन्यात रात्री नुसता चहा-ब्रेड खाऊन झोपले. बाबा निवृत्त आहेत, घर तारण ठेवून त्यांनी माझं शैक्षणिक कर्ज काढलंय. रविवारच्या व्हिडिओ कॉलवर मी 'सगळं मस्त' म्हणते. मी उधळी आहे का? बाबांना कोणत्या तोंडाने सांगू? खर्चाचा कागद सोबत जोडलाय.

उत्तर : बाळा, तुझा कागद मी नीट वाचला. उधळपट्टी मला कुठेच सापडली नाही.

भाडं 430, आरोग्य विमा 150, रेडिओ-टीव्हीचं सक्तीचं शुल्क 18, फोन 10. झाले 608. उरले 384, त्यातले 100 मैत्रिणीचे. म्हणजे जेवण, साबण, औषध, थंडीचा कोट हे सगळं 284 युरोंत. आणि मार्चमध्ये त्याच 284 मधून 320 भरायचे होते. हे कोणालाच जमलं नसतं. तू तुझ्या जेवणाला दोष देत बसलीस आणि आधी तेच कमी केलंस, याचं मला फार वाईट वाटलं.

वर्षाचे 11,904 आणि महिन्याचे 992 ही व्हिसासाठी ठरवलेली किमान रक्कम आहे. म्यूनिकला जाणाऱ्यालाही तीच आणि लाइपझिगला जाणाऱ्यालाही तीच, भाड्यांत मात्र केवढा फरक! शिवाय पहिल्या महिन्याचं डिपॉझिट, गादी, भांडी हे त्या हिशेबात बसत नाही. तुझी ओढाताण तिथून सुरू झाली. तिथल्या कायद्याप्रमाणे डिपॉझिट मूळ भाड्याच्या तिपटीपर्यंत घेता येतं, पण भाडेकरूला ते तीन मासिक हप्त्यांत देण्याचा हक्क असतो. तुला हे कोणी सांगितलं नसणार. तुझ्यामागून जाणाऱ्या मुलांना तू नक्की सांग.

आता पुढचं. सेमिस्टरचे 320 सहा महिन्यांवर वाटले तर दरमहा 54 होतात. ते पैसे आले त्याच दिवशी बाजूला काढ, उरलेल्यालाच तुझा महिना समज. रेडिओ-टीव्हीचं शुल्क माणशी नसतं, घरटी असतं. फ्लॅटमध्ये तुम्ही तिघी आहात आणि पूर्ण 18 तू एकटी भरतेस. दोघींकडून त्यांचा वाटा माग, मागच्या महिन्यांचाही. यात संकोच करू नकोस. दुपारचं जेवण विद्यापीठाच्या मेन्सामध्ये, म्हणजे कॅन्टीनमध्ये घे, विद्यार्थ्यांना तिथे सवलतीत गरम जेवण मिळतं. रात्री घरी खिचडी टाकली तरी चालेल, पण रोज एक पोटभर जेवण झालंच पाहिजे. आणि प्रत्येक खरेदीला मनात रुपयांत भाव काढणं सोड. अशाने माणूस भाजी घेत नाही आणि मग भुकेच्या तडाख्यात स्टेशनवर महागडा सँडविच घेतो.

नोकरीबद्दल तू विचारलं नाहीस, पण डोक्यात असणारच. वर्षाला 140 पूर्ण किंवा 280 अर्धे दिवस काम करता येतं. विद्यापीठातच, ग्रंथालयात किंवा प्रयोगशाळेत, आठवड्याचे आठ-दहा तास बघ. गोदामातल्या रात्रपाळीच्या मागे लागू नकोस. त्यापायी विषय राहिले आणि एक सेमिस्टर वाढलं, तर सहा महिन्यांचे 992 म्हणजे जवळजवळ 6,000 युरो जातात. रात्रपाळीत तेवढे सुटणार आहेत का?

आता बाबा. रविवारी सांगू नकोस, तेव्हा आजी, काका सगळे फोनसमोर असतात. मधल्या वारी, तिथली दुपार म्हणजे आपल्याकडची संध्याकाळ, फक्त आई-बाबा असताना फोन कर. त्याआधी हाच कागद त्यांना व्हॉट्सॲपवर पाठव. मग सरळ म्हण : "बाबा, 400 युरो देणं आहे. ते डिपॉझिटसाठी घेतले होते, आणि खोली सोडताना डिपॉझिट परत मिळतं. मला एकदाच मदत हवी आहे." कर्जाचा राहणीखर्चाचा भाग पूर्ण उचललाय का, हेही विचार. असं कर्ज टप्प्याटप्प्याने मिळतं, मंजूर रकमेतलं काही शिल्लक असू शकेल. त्यांनी घर तारण ठेवलं ते आकडे बघूनच. खरा आकडा कळला तर ते मार्ग काढतील. मुलगी उपाशी झोपत होती हे मागाहून दुसऱ्याच कोणाकडून कळलं, तर मात्र तो घाव भरणं कठीण.

तुला तोंड दाखवायची लाज वाटते म्हणून आपल्या बडोद्याचीच गोष्ट सांगते. 1913 मध्ये सयाजीराव महाराजांनी बाबासाहेब आंबेडकरांना कोलंबिया विद्यापीठात शिकायला दरमहा साडेअकरा पौंडांची शिष्यवृत्ती दिली, तीन वर्षांसाठी. तिची मुदत संपली तेव्हा, कोलंबियानंतर लंडनमध्ये सुरू केलेलं शिक्षण अर्धवट ठेवून 1917 मध्ये त्यांना परतावं लागलं. 1920 मध्ये पैसे जमवून ते पुन्हा गेले आणि ते पुरं केलं. परदेशात पैसे कमी पडणं ही कोणाची नालायकी नव्हे.

आई ऐकल्या ऐकल्या डबे भरायला घेईल. तिला सांग, तूप, पेढे नकोत. युरोपीय संघात बाहेरून येणाऱ्या प्रवाशांना दुधाचे पदार्थ आणता येत नाहीत. भाजणी आणि मेतकूट मात्र कोणी येणारं असेल त्याच्या बॅगेतून मागव, कुरियरने नको, त्याचा खर्च खाऊपेक्षा जास्त होतो.

याच आठवड्यात आणखी एक कर. विद्यार्थ्यांची वसतिगृहं आणि मेन्सा चालवणारी संस्था, श्टुडिरेंडनवेर्क, तिच्याकडे खोलीसाठी अर्ज टाक. रांग लांब असते, पण खोल्या बहुधा बाहेरच्यापेक्षा स्वस्त पडतात. तिथेच पैशांच्या अडचणींबद्दल मोफत सल्लाही मिळतो. जाताना हा कागद बरोबर ने.