प्रश्न वाचकांचे : गाडीचे सर्व्हिसिंग नेमके किती दिवसांनी?

प्रश्न : माझी पेट्रोल गाडी २०२१ सालची आहे. निवृत्तीनंतर ती वर्षाला जेमतेम तीन हजार किलोमीटर चालते. बाजार, बँक, देऊळ आणि क्वचित महाबळेश्वरमार्गे कोकणात एखादी फेरी, एवढाच तिचा वापर. मॅन्युअलमध्ये दहा हजार किलोमीटर किंवा एक वर्ष असे लिहिले आहे. सर्व्हिस सेंटरचा दर सहा महिन्यांनी फोन येतो, तर ओळखीचा मेकॅनिक म्हणतो की दहा हजार पूर्ण होईपर्यंत गाडीला हातसुद्धा लावू नका. कोणाचे ऐकावे? (एक वाचक, सातारा)

उत्तर : मेकॅनिकचे तर मुळीच ऐकू नये आणि सेंटरचे ऐकण्याआधी मॅन्युअल पुन्हा एकदा उघडावे. त्या ओळीच्या शेवटी ‘यांपैकी जे आधी होईल ते’ असे शब्द असतात, आणि निम्मा घोळ ते शब्द वाचायचे राहिल्यामुळेच होतो. आपल्या बाबतीत वर्ष आधी भरते, त्यामुळे वर्षातून एकदा इंजिन ऑइल आणि ऑइल फिल्टर बदलणे एवढे तर ठरलेलेच आहे; किलोमीटरचा आकडा आपल्या उपयोगाचा नाही.

गाडी कमी चालली म्हणजे ऑइल कमी खराब झाले, असे वाटणे स्वाभाविक आहे, पण कमी अंतराच्या फेऱ्यांत बहुतेक वेळा उलटेच घडते. एक लिटर पेट्रोल जळले की साधारण तेवढेच पाणी वाफेच्या रूपाने तयार होते. त्यातले बहुतेक सायलेन्सरमधून बाहेर पडते, पण थोडी वाफ आणि थोडे न जळलेले पेट्रोल पिस्टनच्या रिंगांच्या फटीतून खाली ऑइलमध्ये उतरते. इंजिन पुरेसा वेळ गरम राहिले तर हे पाणी आणि पेट्रोल उडून जाते. मात्र तापमानाचा काटा मध्यावर आला म्हणजे ऑइलही तापले असे नसते, कारण कूलंटपेक्षा (इंजिन थंड ठेवणाऱ्या द्रवापेक्षा) ऑइल तापायला बराच जास्त वेळ लागतो. तोवर आपण बँकेच्या दारात गाडी बंद केलेली असते. पावसाळ्यात एकदा थंड इंजिनाचे बॉनेट उघडून ऑइल भरण्याच्या तोंडाचे झाकण फिरवून काढा आणि त्याची आतली बाजू पाहा. तिथे सायीसारखा फिकट पिवळसर थर दिसला, तर ते ऑइलमध्ये मिसळलेले पाणी होय. कूलंटच्या टाकीतील पातळी जागेवर असेल, तर घाबरण्याचे कारण नाही. गाडी लांब फिरवली की तो थर बहुधा नाहीसा होतो. पातळीही उतरत असेल, तर मात्र हेड गॅस्केट, म्हणजे इंजिनाचा वरचा भाग आणि खालचा ब्लॉक यांच्यामधली सीलबंद पट्टी, तपासून घ्यावी लागेल.

बहुतेक मॅन्युअलमध्ये नेहमीच्या तक्त्याशेजारी खडतर वापराचा आणखी एक तक्ता असतो. धुळीचे रस्ते, घाट, रांगेत थांबत-सरकत चालणारी रहदारी आणि नेमक्या अशाच चार-पाच किलोमीटरच्या फेऱ्या त्यात मोडतात, आणि त्यांच्यासाठी ऑइल बदलण्याची मुदत बरीच कमी दिलेली असते. मग सेंटरचा फोन बरोबरच नाही का, असे आपण विचाराल. माझे मत असे की पंधरा दिवसांतून एकदा गाडी अर्धा-पाऊण तास सलग महामार्गावर चालवणार असाल, तर वर्षाची मुदत पुरेशी आहे. ते होणार नसेल, तर सहा महिन्यांनी ऑइल बदलणे हा वायफळ खर्च म्हणता येणार नाही. तेव्हा फक्त ऑइल आणि फिल्टर बदलावे, बाकीची यादी हाती आली तर ती परत द्यावी.

आपण कोकणात उतरता, म्हणून ब्रेक ऑइलविषयी दोन शब्द अधिक लिहितो, कारण सर्व्हिसिंगच्या चर्चेत ते नेहमी मागे पडते. हे द्रव हवेतील ओलावा शोषून घेते आणि तेही गाडी चालो वा न चालो, निव्वळ काळ गेल्यामुळे. ‘डॉट ४’ प्रतीच्या नव्या ब्रेक ऑइलचा उत्कलनबिंदू किमान २३० अंश सेल्सिअस असावा लागतो. त्यात पावणेचार टक्क्यांच्या आसपास पाणी शिरले की प्रमाणकानुसार तो १५५ अंशांपर्यंत घसरलेला चालतो. आंबेनळी घाटाने पोलादपूरकडे उतरताना पाय सतत ब्रेकवर राहिला, तर चाकांजवळचे द्रव उकळून त्यात वाफेचे बुडबुडे होतात आणि ब्रेकचा पायटा खाली जाऊनही गाडी थांबत नाही. बऱ्याच कंपन्या यासाठी दोन वर्षांची मुदत सांगतात. आपली गाडी २०२१ ची आहे. हे द्रव आजवर कधी बदलले होते, ते जुन्या बिलांत शोधून पाहा. नोंद सापडली नाही, तर पुढच्या फेरीआधी बदलून घ्या. आणि घाट उतरताना दुसरा-तिसरा गिअर ठेवा, हे सांगण्याची आपल्या भागातील चालकाला गरज नसावी, तरी सांगून ठेवतो.

प्रश्न : माझी डिझेल गाडी बीएस-६ आहे. घर ते ऑफिस सहा किलोमीटर, तेही पुण्याच्या रहदारीत. आठ हजार किलोमीटर झाले असताना डिपस्टिकवर (ऑइल मोजण्याच्या पट्टीवर) ऑइलची पातळी वरच्या खुणेच्याही वर गेलेली दिसली. ऑइल कमी होते हे ऐकले होते, वाढते कसे? दहा हजारपर्यंत थांबू का? (एक वाचक, कोथरूड)

उत्तर : थांबू नका. वाढलेले ते ऑइल नसून डिझेल असण्याची शक्यता फार मोठी आहे. १ एप्रिल २०२० पासून धुराच्या प्रदूषणाचे बीएस-६ निकष लागू झाले आणि डिझेल गाड्यांच्या धुराच्या मार्गात काजळी अडवणारी गाळणी, म्हणजे डीपीएफ, आली. साठलेली काजळी गाडी स्वतःच अधूनमधून जाळून टाकते. त्यासाठी गाळणीचे तापमान सहाशे अंशांच्या जवळपास न्यावे लागते आणि ते नेण्यासाठी इंजिन नेहमीपेक्षा थोडे जास्त डिझेल उशिराने फवारते. हे काम चालू असतानाच आपण ऑफिसच्या पार्किंगमध्ये किल्ली फिरवली की ते अर्धवट राहते, दुसऱ्या दिवशी पुन्हा सुरू होते आणि पुन्हा अर्धवट राहते. दर वेळी थोडे डिझेल सिलिंडरच्या भिंतीवरून खाली ऑइलमध्ये उतरते. डिझेलने पातळ झालेले ऑइल टर्बो आणि बेअरिंग यांना पुरेसे वंगण देऊ शकत नाही, शिवाय पातळी फार वाढली तर इंजिन तेच ऑइल ओढून जाळू लागण्याचाही धोका असतो.

खात्री करण्यासाठी गाडी सपाट जागी उभी करून इंजिन बंद केल्यावर पाच-दहा मिनिटे थांबा. डिपस्टिक बाहेर काढून फडक्याने पुसा, पुन्हा पूर्ण आत घालून काढा आणि आडवी धरून वाचा. पहिल्या खेपेचे वाचन ग्राह्य धरू नये, कारण नळीच्या बाजूंना लागलेले ऑइल फसवते. रंगावर जाऊ नका. डिझेल इंजिनातले ऑइल बदलल्यावर थोड्याच दिवसांत काळे होते आणि त्यात काही बिघडलेले नसते. पातळी खरोखरच वर असेल आणि नाकाला डिझेलचा वास येत असेल, तर लगेच ऑइल बदला. नवे ऑइल डीपीएफला चालणारे, कमी राखेचे आणि मॅन्युअलमध्ये लिहिलेल्या प्रतीचेच हवे. काजळी जळते, पण ऑइलमधील राख जळत नाही, ती गाळणीत कायमची बसते. म्हणून गॅरेजमधल्या मोठ्या पिंपातले सुटे ऑइल कितीही स्वस्त पडले तरी या गाडीत घालू नये.

पुढे आठवड्यातून एकदा वीस-पंचवीस मिनिटे एका वेगाने गाडी पळवता येईल असा रस्ता शोधा. रविवारी सकाळी मुंबई-बेंगळुरू महामार्ग त्यासाठी बरा. खरे सांगायचे तर रोज सहा किलोमीटरसाठी डिझेल गाडी घेणे हाच मूळ मुद्दा आहे, परंतु तो प्रश्न आपण विचारलेला नाही.

प्रश्न : सर्व्हिसिंगच्या अंदाजपत्रकात इंजिन फ्लश, डीकार्बनायझिंग, एसी डिसइन्फेक्शन, टेफ्लॉन कोटिंग, अलाइनमेंट असे बरेच काही असते. नाही म्हटले तर वॉरंटी जाईल का? (एक वाचक, नागपूर)

उत्तर : वॉरंटी टिकते ती मॅन्युअलमधील तक्ता पाळल्याने, आणि या पाचांतील एखादेच काम त्या तक्त्यात सापडेल. त्यामुळे सर्व्हिस ॲडव्हायझरला शांतपणे एवढेच विचारावे, ‘हे मॅन्युअलच्या कोणत्या पानावर आहे?’ पान दाखवले तर काम करून घ्यावे. वेळेवर ऑइल बदललेल्या इंजिनाला फ्लशची, म्हणजे आतून धुण्याची, गरज पडत नाही. डीकार्बनायझिंग, म्हणजे इंजिनात साठलेली काजळी काढणे, हे ओढ कमी झाल्याची किंवा इंजिन अडखळल्याची तक्रार असेल तरच विचारात घ्यावे. टेफ्लॉन हे रंगाचे काम आहे, सर्व्हिसिंगचे नव्हे. गाडी एका बाजूला ओढत असेल, टायर आतून किंवा बाहेरून असमान झिजत असेल, खड्ड्यात जोरात आदळली असेल किंवा टायर बदलले असतील, तर अलाइनमेंट जरूर करावे. एसीचा फिल्टर मात्र नागपूरच्या धुळीत लवकर भरतो. तो बऱ्याच गाड्यांत डॅशबोर्डच्या कप्प्यामागे असतो आणि घरीच बदलता येतो, मजुरी वाचते. काम सुरू होण्याआधी जॉब कार्डवर काय लिहिले आहे ते वाचून मगच सही करावी, बदललेले जुने भाग डिकीत ठेवायला सांगावेत आणि प्रत्येक बिल जपावे, कारण पुढे वॉरंटीचा दावा करताना आणि गाडी विकताना तोच पुरावा असतो.

प्रश्न : वसई ते अंधेरी रोज सीएनजीवर गाडी चालवतो, वर्षाला पंचवीस हजार किलोमीटर होतात. वर्षातून एक सर्व्हिसिंग पुरेल ना? (एक वाचक, वसई)

उत्तर : पुरणार नाही. आपल्या बाबतीत किलोमीटर आधी भरतात, त्यामुळे दहा हजारांची मुदत असेल तर साधारण दर पाच महिन्यांनी गाडी दाखवावी लागेल. सीएनजीत ऑइल बराच काळ स्वच्छ दिसते, त्यावर विसंबू नये. स्पार्क प्लग आणि एअर फिल्टर यांची अवस्था गॅसवर लवकर जाणवते, म्हणून ते प्रत्येक वेळी तपासून घ्यावेत. आठवड्यातून काही किलोमीटर पेट्रोलवर चालवावे, म्हणजे टाकीतले पेट्रोल शिळे होत नाही आणि इंजेक्टरही चालते राहतात. सिलिंडरची हायड्रो टेस्ट (पाण्याच्या दाबाने तपासणी) दर तीन वर्षांनी करावी लागते. ती सर्व्हिसिंगमध्ये आपोआप होत नाही. तिची तारीख गाडीवरील पट्टीवर पाहून वेगळी लक्षात ठेवावी.