लागेबांधे, परकीय, दुटप्पी: एका बातमीमुळे निघालेली शब्दचर्चा

“काका, एक अडलंय,” असा निरोप परवा ओळखीतल्या एका मुलीने पाठवला. ती एका जिल्हा दैनिकात उपसंपादक आहे. बातमी साधी होती: एका नेत्याच्या न्यासाला परदेशातल्या संस्थेकडून देणगी मिळाली आणि विरोधकांनी त्यावर पत्रकार परिषद घेतली. बातमीदाराने ‘नेत्याचे परदेशी लागेबांधे’ असं लिहून दिलं. तिने त्याचं ‘संबंध’ केलं. विरोधकांनी ‘दुटप्पीपणा’ म्हटलं होतं, ते छापून येताना ‘ढोंगीपणा’ झालं. दुसऱ्या दिवशी दोन्हीकडचे फोन आले. एकाचं म्हणणं, ‘संबंध’ लिहून तुम्ही प्रकरण झाकलंत. दुसऱ्याचं म्हणणं, ‘ढोंगी’ लिहून तुम्ही शिवी दिलीत. तिचा प्रश्न असा की, हे शब्द एकमेकांच्या जागी चालतात का? आणि परदेशी, परकीय, विदेशी यांतला बरोबर कोणता?

उत्तर लांबलं, म्हणून इथे सगळ्यांसाठीच लिहितो.

परदेशी हा जागेबद्दलचा शब्द आहे, परकीय हा नात्याबद्दलचा. परकीयच्या पोटात ‘परका’ बसलेला आहे, लेकीला ‘परक्याचं धन’ म्हणायचे त्यातला. त्याची जोडी स्वकीयशी. त्यामुळे ‘परकीय सत्ता’, ‘परकीय आक्रमण’ म्हटलं की आपण आणि ते अशी रेघ आपोआप ओढली जाते. ‘परकीय चलन’ आणि ‘परकीय गुंतवणूक’ हे दोन प्रयोग तेवढे बँकेच्या आणि अर्थखात्याच्या वापराने गुळगुळीत झाले आहेत, त्यांतला परकेपणा आता कुणाला टोचत नाही. विदेशीची जोडी स्वदेशीशी, आणि १९०५ साली पुण्यात परदेशी कापडाची होळी पेटली त्या काळापासून हा शब्द मालाला चिकटून आहे. सरकारी कागदांत तर ‘भारतीय बनावटीचे विदेशी मद्य’ असा प्रकार सुखाने नांदतो. तिथे विदेशी म्हणजे देशी दारूपेक्षा वेगळी जात, एवढाच अर्थ उरला आहे.

परदेशी हा तिघांतला सगळ्यात निरुपद्रवी. मराठीत ‘देश’ म्हणजे कितीतरी वेळा फक्त घाटावरचा मुलूख. कोकणातला माणूस अजूनही ‘देशावर गेलाय’ म्हणतो. त्या मापाने उत्तरेकडून आलेला माणूसही इथे परदेशीच ठरला, आणि परदेशी हे आडनाव लावणारी घरं महाराष्ट्रात पिढ्यान्‌पिढ्या आहेत. त्या आडनावात कुणाला आरोप ऐकू येत नाही. तेव्हा देणगी बाहेरच्या देशातून आली एवढंच सांगायचं असेल तर ‘परदेशातून’ लिहावं. ‘परकीय पैसा’ लिहिलं की बातमीदाराने निकाल देऊन टाकला.

आता लागेबांधे. हा शब्द मला फार आवडतो, त्याची आजची अवस्था बघून वाईट वाटतं. लागणं आणि बांधणं या दोन क्रिया त्यात एकत्र आल्या आहेत: जीव लागलेला असतो आणि काहीतरी बांधून ठेवत असतं. माझी आत्या गावाकडचं घर विकल्यावर म्हणाली होती, “आता तिकडचे लागेबांधे संपले रे,” आणि पदर डोळ्यांना लावला होता. त्या वाक्यात संशयाचा लवलेश नव्हता. पण वर्तमानपत्रात गेली कित्येक वर्षं हा शब्द गुंडांशी, ठेकेदारांशी, तस्करांशी असलेल्या नात्यासाठीच येतो. त्यामुळे ‘परदेशी लागेबांधे’ वाचणाऱ्याच्या मनात पहिल्यांदा ‘काहीतरी लपवलेलं’ असंच येतं. संबंध उघड असतो, लागेबांधे शोधून काढावे लागतात, असा फरक आता रूढ झाला आहे. म्हणजे तू शब्द बदललास ते बरोबरच केलंस. बातमीत लपवलेलं काही सिद्ध झालेलं नव्हतं.

याच कुळातला ‘साटेलोटे’ बघ. मूळ प्रकार लग्नातला: या घरची मुलगी त्या घरात द्यायची आणि त्या घरची या घरात करायची. देणं-घेणं तिथल्या तिथे फिटतं. राजकारणात हा शब्द वापरायचा तर दोन्ही बाजूंनी काहीतरी दिलेलं दाखवता आलं पाहिजे. एका बाजूने नुसती देणगी आली आणि बदल्यात काय गेलं ते ठाऊक नसेल, तर ते साटेलोटे होत नाही. आणि ‘हस्तक’ तर फारच जपून. हस्तक म्हणजे दुसऱ्याच्या हाताने चालणारा माणूस. त्याला स्वतःची इच्छा नाही असंच आपण म्हणत असतो.

सगळ्यात जड शब्द फितूर. अरबी-फारसीतून आलेला. हिंदी-उर्दूत तो डोक्यातल्या खुळाकडे गेला, मराठीत तो शत्रूला जाऊन मिळण्याकडे वळला. आपल्याकडे त्याने इतकं मूळ धरलं की कोर्टात साक्ष फिरवणारा साक्षीदारसुद्धा ‘फितूर’ होतो. मराठ्यांच्या इतिहासात या शब्दाच्या धारेवर माणसं कापली गेली आहेत, म्हणून एक उदाहरण इथे देतोच.

१७७५ साली राघोबादादांनी सुरतेला इंग्रजांशी तह केला. पेशवाई मिळवून देण्यासाठी इंग्रजांनी फौज द्यायची, बदल्यात त्यांना साष्टी आणि वसई मिळायची. पुण्यात बारभाईंच्या, म्हणजे दादांविरुद्ध एकत्र आलेल्या नाना फडणवीस वगैरे कारभाऱ्यांच्या, लेखी ही उघड फितुरी. दोनच वर्षांनी, १७७७ मध्ये, सेंट ल्युबिन नावाचा फ्रेंच माणूस पुण्याला आला आणि नाना फडणवीसांनी त्याचा मानाने सत्कार केला. इंग्रज अस्वस्थ झाले. परक्या दर्यावर्दी सत्तेशी बोलणी दोघांनीही केली, पण दादांच्या बोलण्यांना आपण आजही फितुरी म्हणतो आणि नानांच्या बोलण्यांना राजकारण. राजकारण या शब्दाचा त्या काळच्या पत्रांतला अर्थही ध्यानात घे: गुप्त बोलणी, मसलत, डाव.

मग हा नुसता ‘आपला तो बाब्या, दुसऱ्याचं ते कार्टं’ असा प्रकार झाला का? मला तसं वाटत नाही. दादांनी राज्याचा मुलूख स्वतःच्या गादीसाठी लिहून दिला, नानांनी राज्यावर आलेल्या शत्रूविरुद्ध दुसरा शत्रू उभा करून पाहिला. काय दिलं, कुणाचं दिलं आणि कशासाठी दिलं, या तीन गोष्टींनी शब्द ठरतो. १७८२ मध्ये सालबाईच्या तहाने इंग्रज-मराठा युद्ध मिटलं, त्यानंतरही साष्टी इंग्रजांकडेच राहिली, यावरून त्या देण्याचं वजन कळतं. पण नानांच्या बाजूचा माणूस या तीन गोष्टी न सांगता नुसतंच ‘ती फितुरी, हे राजकारण’ म्हणेल, तर मात्र तो बाब्याचंच कौतुक करतो आहे. आजच्या भाषेतही हे रोज चालतं. आपल्या नेत्याचा ‘परदेश दौरा’, त्यांच्या नेत्याची ‘परदेशवारी’. आपल्याला मिळते ती ‘मदत’, त्यांना येतो तो ‘पैसा’. वारीसारखा पंढरीच्या वाटेवरचा शब्द असा हिणवायला वापरलेला बघितला की मला खरंच लागतं.

आता दुटप्पी आणि ढोंगी यांचा प्रश्न, आणि माझ्या मते महत्त्वाचा हाच. दुतोंडी, दुटप्पी आणि ढोंगी या तीन शब्दांचे आरोप वेगवेगळे आहेत आणि त्यांना लागणारा पुरावाही वेगळा आहे.

दुतोंडी म्हणजे या कानाला एक आणि त्या कानाला दुसरं सांगणारा. मांडुळाची शेपटी तोंडासारखीच बोथट असते म्हणून लोक त्याला दुतोंडी साप म्हणतात. त्या बिचाऱ्या जनावराला तोंड एकच असतं. नाशिकला गोदाकाठी दुतोंड्या मारुती आहे, पुराचं पाणी त्याच्या कुठवर चढलं यावरून सगळं शहर पुराचा अंदाज घेतं. तिथे दोन तोंडं असणं भरवशाचं लक्षण झालं आहे! माणसाला मात्र दुतोंडी म्हणायचं तर ऐकणारे दोन हवेत आणि दोघांनी काय ऐकलं ते कळायला हवं.

दुटप्पी शब्दाची फोड सरळ आहे: दोन टप्प्यांचा. मला त्यात दोन ठिकाणी दोन मापं लावणारा माणूस दिसतो. प्रश्न एकच, पण तो आपल्यावर आला की एक न्याय आणि दुसऱ्यावर आला की दुसरा. हे कागदावर दाखवता येतं: हे विधान, ही तारीख, ते विधान, ती तारीख. ढोंगी म्हणजे आत एक आणि बाहेर सोंग दुसरं. ते ठरवायला त्याच्या मनात शिरावं लागतं आणि बातमीदाराला ती सोय नाही. म्हणून ‘दुटप्पीपणा’चं ‘ढोंगीपणा’ केलं गेलं ती खरी चूक. विरोधकांचा तपासता येण्याजोगा आरोप तुमच्या पानावर तपासता न येणारा झाला.

दुटप्पी शब्द किती काटेकोर आहे ते १९९९ च्या उदाहरणावरून दिसतं. त्या मे महिन्यात शरद पवार, पी. ए. संगमा आणि तारिक अन्वर यांनी सोनिया गांधींच्या विदेशी मुळाचा मुद्दा काढला: पंतप्रधानपदी भारतात जन्मलेली व्यक्तीच हवी. काँग्रेसने तिघांना काढलं, जूनमध्ये राष्ट्रवादी काँग्रेस पक्ष निघाला आणि ऑक्टोबरमध्ये तोच पक्ष महाराष्ट्रात विलासराव देशमुखांच्या मंत्रिमंडळात काँग्रेससोबत बसला. तेव्हा ‘दुटप्पी’ हा शब्द मुबलक वापरला गेला. पण प्रश्न एकच होता का? आक्षेप पंतप्रधानपदाला होता, सरकार राज्याचं होतं. त्या ऑक्टोबरपुरता हा शब्द मला थोडा सैल वाटतो. २००४ ची गोष्ट वेगळी. तेव्हा निवडणुकीआधीच दोन्ही पक्षांची आघाडी झाली, तिच्या मोठ्या पक्षाच्या अध्यक्षा सोनिया गांधी होत्या आणि पंतप्रधानपदासाठी नाव त्यांचंच पुढे होतं. पुढे त्यांनीच ते पद नाकारलं. इथे प्रश्न तोच होता आणि उत्तर बदललेलं होतं. त्याला मी ‘घूमजाव’ म्हणेन. दुटप्पी माणूस दोन्ही मापं एकाच वेळी खिशात बाळगतो, घूमजाव करणारा एक टाकून दुसरं घेतो. संगमांनी घूमजाव केलं नाही, ते त्याच मुद्द्यावर वेगळे झाले, हेही नोंदवायला हवं.

दुटप्पी शब्द चपखल बसावा असं उदाहरण हवं असेल तर ते एफसीआरए, म्हणजे परदेशी देणग्यांवर नियंत्रण ठेवणाऱ्या कायद्याचं. आणीबाणीत, १९७६ साली, हा कायदा आला. पक्ष, उमेदवार, लोकप्रतिनिधी, इतकंच काय तुझ्यासारखे वृत्तपत्रांत काम करणारे लोक, यांना परदेशातून पैसे घ्यायला त्याने मनाई केली. मार्च २०१४ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने निकाल दिला की भाजप आणि काँग्रेस या दोन्ही पक्षांनी लंडनच्या वेदान्त समूहातल्या कंपन्यांकडून देणग्या घेऊन हा कायदा मोडला. त्यांतली एक सेसा गोवा, गोव्याच्या खनिजावर उभी राहिलेली कंपनी. एकमेकांच्या परदेशी संबंधांवर रोज बोट ठेवणारे दोन पक्ष एकाच निकालपत्रात शेजारी बसले. पुढे २०१६ च्या वित्त कायद्यातून ‘परदेशी स्रोत’ या शब्दाची व्याख्याच बदलली, तीही २०१० पासून, म्हणजे जुन्या कायद्याच्या जागी त्याच नावाचा नवा कायदा आला तेव्हापासून, मागे लागू करून. दोन्ही पक्षांनी सर्वोच्च न्यायालयातली आपापली अपिलं मागे घेतली. २०१८ मध्ये तारीख आणखी मागे, थेट ५ ऑगस्ट १९७६ वर नेली, आणि ते वित्त विधेयक लोकसभेत चर्चेविना मंजूर झालं. आणि २०२० साली एफसीआरएमध्येच दुरुस्ती करून स्वयंसेवी संस्थांच्या प्रशासकीय खर्चाची मर्यादा ५० टक्क्यांवरून २० टक्क्यांवर आणली. पक्षांना मागच्या चार दशकांची सूट आणि संस्थांना जास्त कडक नियम: एकच कायदा, दोन मापं. याला दुटप्पी म्हणायला कुणाच्या मनात शिरावं लागत नाही, तारखा पुरेशा आहेत.

शब्दाच्या व्याख्येवर इतकं काही ठरू शकतं, म्हणून तुझा प्रश्न मला बारीकसारीक वाटला नाही. ‘परदेशी’ म्हणजे काय एवढं बदललं आणि ४० वर्षांच्या व्यवहारांवरचा डाग पुसला गेला.

तर तुझी बातमी मी अशी लावली असती. मथळा: ‘नेत्याच्या न्यासाला परदेशातून देणगी, विरोधकांचा दुटप्पीपणाचा आरोप’. आरोप त्यांचा, म्हणून शब्दही त्यांचाच ठेवायचा. खाली पहिल्याच परिच्छेदात रक्कम, वर्ष आणि न्यासाकडे एफसीआरएची नोंदणी आहे की नाही. त्यानंतर या नेत्याने दुसऱ्या कुणाच्या परदेशी देणगीवर पूर्वी काय म्हटलं होतं ते, तारखेसह. तसं काही म्हटलेलं सापडलं नाही, तर विरोधकांच्या आरोपाला आधार मिळाला नाही हेही लिहायचं.

हे तिला फोनवर सांगितलं तेव्हा ती थोडा वेळ गप्प होती. मग म्हणाली, “काका, रक्कम आमच्या बातमीत नव्हतीच, आणि नोंदणीचं कुणी विचारलंच नाही.” आज ती न्यासाच्या कार्यालयात जाणार आहे.