उंबरठ्याबाहेर

प्रिय पोरी,

तुझं पत्र दोनदा वाचलं. दिवाळीत चार दिवस रजा टाकून माळा रिकामा केलास आणि महिना उलटला तरी तो ढीग हॉलमध्ये सोफ्यामागे चादरीखाली पडून आहे. आता विचारतेस, आणखी चार दिवस रजा काढू का? काढू नकोस. चार दिवस भरपूर होते. पण त्या सामानातलं काय कुठल्या दिवशी, कुणाच्या हातात जाणार, हे माळ्यावर चढण्याआधी ठरलेलंच नव्हतं.

उंबरठ्याबाहेर गेली तीच वस्तू निघाली. बाकी सगळं नुसतं जागा बदलतं: माळ्यावरून दिवाणात, दिवाणातून बाल्कनीत, आणि पाहुणे यायचे म्हटलं की पुन्हा माळ्यावर. मी कितीतरी वर्षं याच फेऱ्यांना आवराआवर म्हणत आले, त्याची हळहळ अजून जात नाही. म्हणून हे तुला पुन्हापुन्हा सांगणार आहे, कंटाळलीस तरी.

वेळेचं गणित उलट्या बाजूने मांड. आधी भंगारवाल्याला फोन कर, शनिवारी संध्याकाळी साडेपाचला ये म्हण. मग त्याच शनिवारी चारला एक कप्पा उघड. एकच कप्पा, खोली नव्हे. नव्वद मिनिटं अशी लागतात: दहा मिनिटं कप्पा पूर्ण रिकामा करायला, पंचेचाळीस निवडायला, पंधरा पुसून ठेवायचं ते परत लावायला आणि उरलेली वीस बाहेर काढायला. ही शेवटची वीस मिनिटं सगळे खातात. निवडण्यात रमलीस, साडेपाच वाजले, की ‘उद्या नेऊ’ म्हणून पिशवी दाराआड जाते आणि तिथेच राहते. पाच वाजून दहा मिनिटांनी हातात काहीही असो, थांब आणि पिशव्या दाराबाहेर ठेव. आठवड्याला असा एक कप्पा झाला, तरी पुढच्या दिवाळीपर्यंत तुमच्या दोन खोल्यांत न उघडलेलं काही उरायचं नाही.

डबे, खोकी, ऑर्गनायझर यातलं काहीही आधी विकत आणू नकोस. रिकामा डबा घरात आला की तो भरायला सामान सापडतंच.

सुरुवात ओट्याखालून कर. तिथे कुणाचा जीव अडकलेला नसतो. प्लास्टिकचे डबे एकदम बाहेर काढ आणि प्रत्येकाला त्याचं झाकण लावून बघ. झाकण सापडलं नाही तो डबा गेला, डबा सापडला नाही ते झाकण गेलं. श्रीखंडाचे डबे चार ठेव, चाळीस नकोत. मग औषधं: मुदत संपलेली ओल्या-सुक्या कचऱ्यात न टाकता घातक घरगुती कचरा म्हणून वेगळी दे. त्यातच सीएफएल दिवे, पाऱ्याचा थर्मामीटर, सुटे सेल. जुने फोन भंगारात टाकू नकोस, ई-कचरा घेणाऱ्याकडेच दे. त्याआधी सिम आणि मेमरी कार्ड काढ, खात्यातून साइन आउट कर, मग रीसेट. फुगलेली बॅटरी दाबायची नाही की टोचायची नाही. उन्हापासून लांब ठेव आणि सगळ्यात आधी तीच घालव.

भांडी विकताना पितळ, तांबं, ॲल्युमिनियम, स्टील वेगवेगळं कर. एकत्र तोललंस तर पितळ स्टीलच्या भावात जाईल. पितळ भांड्यांच्या दुकानात मोडीत घाल आणि वजन समोर करून घे.

कपड्यांत ‘कामाला येईल’ हे दोन शब्द घरात बोलायचेच नाहीत. कुठल्या कामाला, कधी, ते सांगायचं. आईला गोधडी शिवून घ्यायचीय? मग मऊ पडलेल्या पाच-सहा सुती साड्या बाजूला काढ, शिवणाऱ्या बाईंशी तारीख ठरव आणि त्या तारखेला नेऊन दे. सिंथेटिक साड्या त्यात घालू नकोस, त्या निसरतात आणि उबही देत नाहीत. धड कपडे गूंजसारख्या संस्थेला धुऊन, घडी घालून दे. फाटकं कापड दान म्हणून देऊ नये, त्याची पुसणी कर. पुसणीही दहाच. तुमच्याकडे अजून बोहारीण येते हे भाग्य आहे. शर्टपँटी, जरीच्या साड्या ती घेते. पण त्याच्या बदल्यात आलेलं पातेलं हेही सामानच आहे. एक मोठं घ्यायचं असलं तर जुनं एक त्याच दिवशी काढ.

कागदांना घाई नको, इथे मात्र मी सावकाश जा म्हणते. फाइल उलटी करून रद्दीत ओतू नकोस, एकेक पान उलट. विजेच्या 2011च्या बिलांमध्ये घराच्या नोंदणीचा उतारा, इंडेक्स-2, निघतो. खरेदीखत, सोसायटीचं शेअर सर्टिफिकेट, कर्ज फिटल्याचं बँकेचं पत्र, जन्म-मृत्यू-विवाहाचे दाखले, गुणपत्रिका हे सगळं मूळ स्वरूपात एका फोल्डरमध्ये जाऊ दे. डिजिलॉकरमध्ये आहे म्हणून मूळ प्रत टाकायची नाही. जी मशीनं घरात नाहीत त्यांची वॉरंटी कार्डं गेली. आधारच्या झेरॉक्स फाडून मगच रद्दीत. कागद पुठ्ठ्याच्या खोक्यात ठेवू नकोस, पुठ्ठा ओल धरतो आणि मग कसर लागते. जुलैत माळा उघडूच नकोस. पाऊस ओसरला की ऑक्टोबरच्या उन्हात उघड, म्हणजे गाद्यांनाही ऊन मिळतं.

आईच्या वस्तूंना तिच्या माघारी हात लावायचा नाही. एकदा लावलास की पुढची दहा वर्षं माळ्याला कुलूप बसेल. तिच्यासोबत अर्धा तास बस आणि दहाच वस्तू समोर ठेव. लग्नात आलेली ती ताटं घे. काठावर टिंबाटिंबांनी कोरलेलं नाव आहे, आत्याचं असेल, शेजारच्या काकूंचं असेल, खाली तारीख. आई त्या टिंबांवरून अंगठा फिरवेल. फिरवू दे, नाव वाचू दे, घाई करू नकोस. मग ती स्वतःच म्हणेल, दोन ठेवू. म्हणाली नाही तर ती ताटं राहतील. त्या दिवशी दुसरं काहीतरी जाईल.

मला लोक कठोर म्हणतात, माणसांपेक्षा हिला मोकळ्या जागेचं प्रेम म्हणतात. म्हणू देत. घरात पाय ठेवायला जागा नसते तेव्हा रोज एकमेकांवर चिडतात ती माणसंच. माझं काही चुकत असेल तर आवाज चुकत असेल, मुद्दा चुकत नाही.

आता सोफ्यामागचा ढीग. चादर आज काढ. प्रत्येक वस्तूला दोन प्रश्न: कुणाला आणि कधी. दोन्हींची उत्तरं असतील ती पिशवीत, पिशवीवर नाव आणि वार लिहून. विकायला काढलेलं पंधरा दिवसांत गेलं नाही, तर सोळाव्या दिवशी फुकट दे. उत्तरच नाही असं जे उरेल, ते निमूट माळ्यावर परत ठेव, वर चढताना खाली स्टूल धरायला कुणाला तरी उभं कर, आणि त्याची पाळी येईल तेव्हा बघ. पण हा ढीग हलण्याआधी दुसरा कप्पा उघडलास तर मला सांगू नकोस.

भंगारवाल्याचा नंबर वॉचमनकडे असतो. आधी तो फोन कर, मग मला लिही.

तुझी,
मावशी