वाचकांचे प्रश्न : बँकॉकमध्ये एकटीचा दिवस

प्रश्न : मुलाच्या कार्यालयीन कामाला जोडून पुढील महिन्यात मी त्याच्यासोबत बँकॉकला जात आहे. एक संपूर्ण दिवस तो बैठकांमध्ये असेल आणि मी एकटी. ‘आई, तू हॉटेलातच आराम कर,’ असे तो म्हणतो. पण आराम मी येथे घरीही करतेच. वय ६१, चालण्याची सवय आहे, थाई भाषा येत नाही, मांस-मासे-अंडी खात नाही. हॉटेल सफान ताक्सिन स्थानकाजवळ आहे. एवढ्या गर्दीच्या शहरात एकटीने फिरता येईल का? कसे फिरावे?
— एक निवृत्त शिक्षिका, नौपाडा, ठाणे

उत्तर : अवश्य फिरता येईल, आणि आपले हॉटेल त्यासाठी अगदी योग्य जागी आहे. ठाण्यात आपण कोणताही पत्ता पूर्व की पश्चिम असा रुळांवरून ओळखतो. बँकॉकच्या जुन्या भागात तेच काम चाओ फ्राया नदी करते. दिवसभर नदीची सोबत सोडायची नाही एवढे ठरवले, तर रस्ता चुकण्याची धास्ती उरत नाही. मॉल आणि तरंगते बाजार मुलासोबतच्या दिवसांसाठी ठेवावेत.

सफान ताक्सिन स्थानकाच्या खालीच साथोर्न धक्का आहे. तेथून नारिंगी झेंड्याची प्रवासी बोट घ्यावी. पर्यटकांसाठीची वेगळी बोट महाग असते आणि तिकीट विकणारे आधी तीच पुढे करतात. नारिंगी बोटीत तिकीट देणारी बाई हातातील धातूची लांबट नळी खुळखुळवत गर्दीतून येते. त्या नळीतच नाणी आणि तिकिटांची गुंडाळी असते. एसटीच्या वाहकाची टिकटिक ऐकलेल्या माणसाला त्या आवाजाचा अर्थ कोणी सांगावा लागत नाही. बोटीत भिक्षूंसाठी जागा राखलेली असते. स्त्रियांनी भिक्षूंना स्पर्श होऊ देऊ नये असा तेथील संकेत असल्यामुळे गर्दीत तेवढे अंतर सांभाळावे.

‘था चांग’ धक्क्यावर उतरून आधी राजवाडा पाहावा. तो सकाळी साडेआठला उघडतो, परदेशी पाहुण्यांना ५०० बाथ शुल्क पडते आणि खांदे व गुडघे झाकलेले असणे बंधनकारक आहे. बाह्यांचा पंजाबी ड्रेस उत्तम. उन्हाचा तडाखा आणि सहलींचे जथे दोन्ही दहानंतर वाढतात, म्हणून लवकर निघावे. १७८२ मध्ये ‘पहिला राम’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या थाई राजाने राजधानी नदीच्या या तीरावर आणली, तेव्हाचा हा वाडा. आवारातील पाचूच्या बुद्धाच्या मंदिराभोवती जी ओवरी आहे, तिच्या भिंतींवर थाई रामायणाची, म्हणजे ‘रामकियेन’ची, १७८ चित्रे आहेत. निम्मा वेळ तेथेच द्यावा, असे मी आग्रहाने सांगेन. तेथील रावणाचे नाव ‘तोसाकान’, म्हणजे आपला दशकंठ. सीता त्याचीच टाकून दिलेली मुलगी. आणि पांढराशुभ्र हनुमान ब्रह्मचारी तर नाहीच, उलट चांगलाच रंगेल आहे. शाळेत रामायण शिकवले असेल, तर चित्रांपुढून पाय निघणार नाही.

वाड्याबाहेर एखादा नीटनेटका गृहस्थ ‘आज वाडा बंद आहे, मी स्वस्तात टुकटुक ठरवून देतो’ असे म्हणेल. मी पहिल्या खेपेस हे ऐकले आणि दोन तास रत्नांच्या दुकानांमध्ये घालवून, काहीही न घेता, दुकानदाराच्या आठ्या पाहत बाहेर पडलो. वाडा तेव्हा उघडाच होता. हसून नमस्कार करावा आणि थेट दारापर्यंत चालत जावे. खरीच अडचण आली, तर पर्यटक पोलिसांचा क्रमांक ११५५ आहे.

तेथून दक्षिणेला पंधराएक मिनिटे चालल्यावर वात फो हे मंदिर लागते (‘वात’ म्हणजे मंदिर). पहुडलेला बुद्ध ४६ मीटर लांब आहे, त्यामुळे तो एका नजरेत मावत नाही. खांबांमधून आधी चेहरा, मग कोपर, असा तुकड्यातुकड्यांनी दिसतो. त्याच्या पाठीमागे १०८ धातूची भांडी ओळीने मांडलेली असून लोक प्रत्येकात एकेक नाणे टाकत पुढे सरकतात, आणि तो किणकिणाट सभागृहभर चालू राहतो. वाटीभर सुटी नाणी तेथेच मिळतात.

जेवणाबाबत थोडे सावध राहावे, कारण नुसत्या भाजीतही माशांपासून केलेले ‘नाम प्ला’ पडते. शाकाहाराला थाई शब्द ‘मांग्सविरात’ असा आहे; तो आपल्या ‘मांस’ आणि ‘विरती’ यांवरूनच आला आहे, परंतु त्यात अंडे चालते. आपल्याला सोयीचा शब्द ‘जे’. पिवळ्या पाटीवर लाल अक्षरांत तो लिहिलेला असतो आणि त्या स्वयंपाकात मांस, मासे, अंडी, दूध तर नसतेच, कांदा-लसूणही नसतो. ते लाल अक्षर फोनमध्ये जपून ठेवावे आणि गाडीवाल्याला दाखवावे.

दुपारी सावलीत बसून घ्यावे. ऊन कलले की वात फोजवळच्या ‘था तियेन’ धक्क्यावरून छोट्या नावेने पलीकडच्या वात अरुणला जावे. या मंदिराला नाव सूर्याच्या सारथ्याचेच, आणि शिखरावर जडवलेले चिनी मातीच्या भांड्यांचे तुकडे जवळून पाहण्यासारखे आहेत. परतीच्या बोटी संध्याकाळनंतर कमी होतात. ती चुकल्यास पुन्हा अलीकडे येऊन वात फोजवळील सनाम चाय येथून भुयारी मेट्रोने सी लोमपर्यंत जावे आणि तेथे पुलावरून धावणाऱ्या गाडीत बदलून सफान ताक्सिनला उतरावे. मुलाच्या बैठका आटोपण्याआधी आपण खोलीवर असाल.