कान, कुसळं आणि फराळाचं ताट : स्पॅनिअलवाल्यांचे प्रश्न

पाऊस उघडला की आमच्या स्पॅनिअल कुत्री पाळणाऱ्यांच्या गटाच्या सकाळच्या भेटी परत सुरू होतात. यंदाची पहिली भेट छत्रपती संभाजीनगरला सातारा परिसरात, डोंगराच्या पायथ्याशी एका सभासदाच्या शेतात झाली. अकरा कुत्री आली होती, नऊ कॉकर आणि दोन स्प्रिंगर, दोन्ही स्पॅनिअलच्याच जाती, साडेसहाला मोकळे सोडले आणि आठ वाजता परत आले तेव्हा एकाचेही कान, काखा, पंजे कुसळांशिवाय नव्हते, मग चहा बाजूला राहिला आणि आम्ही सगळे बांधावर मांडी घालून कुसळंच वेचत बसलो. एक काळी मादी मात्र मान एका बाजूला वाकडी करून चालत होती, बाहेरून काहीच दिसत नव्हतं. दवाखान्यात नेल्यावर कळलं की कुसळ कानात पार खोल गेलंय, भूल देऊन चिमट्यानं काढावं लागलं. या वेळच्या पत्रांतही कानाचेच प्रश्न जास्त आहेत म्हणून सुरुवात तिथूनच करते.

आमचा कॉकर चार वर्षांचा आहे. महिना झाला कान खाजवू लालाय, डोकं झटकतोय, कानातून आंबूस वास येतोय. शेजारच्या आजी म्हणाल्या लसूण टाकून तेल कडवा आणि कोमट झालं की कानात सोडा. दोनदा सोडलं, एक दिवस बरा वाटला मग परत तेच. काय करावं?
*— एक ताई, परभणी*

ताई, तेल आजपासून बंद करा. आजींनी मायेनं सांगितलं हे मला कळतंय, पण कुत्र्याच्या कानाची नळी माणसासारखी सरळ आत जात नाही, ती आधी खाली जाते आणि मग आडवी वळते, इंग्रजी एल अक्षरासारखी. त्यात गेलेलं तेल बाहेर येत नाही, तळाशीच बसतं. वरून स्पॅनिअलचा कान लांब, जड, केसाळ, झाकण लावल्यासारखा, आत वारा जात नाही, ओल तशीच राहते आणि अशा उबदार ओलीतच यीस्ट नावाची बुरशी वाढते. तो आंबूस वास बहुतेक तिचाच असतो. तेल सोडल्यावर एक दिवस बरं वाटलं कारण आतली आग जराशी मऊ पडली, दुखणं तिथंच राहिलं.

आता पहिलं काम म्हणजे डॉक्टरांकडे नेणं. तुमच्या परभणीत तर पशुवैद्यकीय महाविद्यालयच आहे, तिथल्या दवाखान्यात दाखवा. डॉक्टर नळीनं आत बघतील, पडदा फाटलेला नाही ना हे आधी पाहतील, कारण फाटलेल्या पडद्यावर चुकीचं औषध पडलं तर ऐकू येणंच जाऊ शकतं. कानातला मळ काचेवर घेऊन तपासायला सांगा, बुरशी आहे का जंतू आहेत का गोचीड-कुसळ आहे हे कळल्याशिवाय ड्रॉप निवडता येत नाही. माझ्या पहिल्या कॉकरच्या वेळी मी दर खेपेला मेडिकलमधून तेच जुनं ड्रॉप आणत राहिले, दोन वर्षांत त्याच्या एका कानाची नळी सुजून बंद झाली, त्याची तळमळ मी पाहिलीय म्हणून इतकं कळवळून सांगते. आणि दुखणं सारखं उलटत असेल तर ॲलर्जी आहे का तेही विचारा, कॉकरमध्ये कानाच्या मागं पुष्कळदा तीच असते.

बरा झाल्यावर आठवड्यातून एकदा कान धुवायचं औषध वापरा, ते गार नको, खोलीच्या तापमानाचं हवं. कान वर धरायचा, औषध सोडायचं, कानाच्या बुडाशी हलकं चोळायचं, पचक पचक आवाज आला पाहिजे, मग त्याला डोकं झटकू द्यायचं आणि बाहेर आलेला मळ कापसानं टिपायचा. कानकोरणं, काडीवरचा कापूस काही आत घालायचं नाही, मळ आणखी आत ढकलला जातो. कानाच्या आतल्या बाजूचे, भोकाजवळचे केस बारीक करून घ्या म्हणजे वारा लागेल. जेवणाची वाटी उभट आणि तोंडाला अरुंद घ्या, कान बाहेर राहतात, वरणात बुडत नाहीत.

आमच्या स्प्रिंगरला गोचिडं फार झाली होती. घरी म्हशीला मारायचं औषध होतं तेच पाण्यात कालवून पुसलं. गोचिडं गेली पण आता तीन दिवस झाले खात नाही, अंग तापलंय, काल नाकातून रक्ताचे थेंब पडले. औषधानं झालं का?
*— एक शेतकरी दादा, अर्धापूर, जि. नांदेड*

दादा, पत्र मिळालं त्याच दिवशी तुम्हाला फोन केला होता, इथं उत्तर छापतेय ते बाकीच्यांसाठी. नाकातून रक्त, ताप, खाणं बंद, ही गोचीडतापाची खूण असू शकते आणि त्यात एक दिवसही घालवायचा नसतो. तपकिरी गोचीड चावते तेव्हा एहर्लिकिया नावाचा जंतू रक्तात जातो, रक्त गोठवणाऱ्या पेशी म्हणजे प्लेटलेट कमी होतात आणि मग नाकातून, हिरड्यांतून रक्त येतं, पोटावर लाल ठिपके दिसतात. दुसरा एक बबेसिया म्हणून असतो, त्यात हिरड्या पांढऱ्याफटक पडतात, लघवी चहासारखी गडद होते. दोन्हींची औषधं वेगळी आहेत म्हणून रक्त तपासल्याशिवाय अंदाजानं इंजेक्शन मारून घेऊ नका.

एहर्लिकियावर डॉक्सिसायक्लिन या अँटिबायोटिकचा कोर्स साधारण २८ दिवसांचा असतो, आणि घात इथंच होतो, पाचव्या दिवशी कुत्रं उठून खायला लागतं, शेपूट हलवायला लागतं, घरचे म्हणतात झालं बरं, गोळ्या बंद. दोन-चार महिन्यांनी तेच दुखणं वाढून परत येतं आणि मग हाती काही राहत नाही. पूर्ण कोर्स करायचा म्हणजे करायचाच.

म्हशीचं औषध कुत्र्याला कधीच नको. त्याचं माप म्हशीच्या वजनाचं असतं, कुत्रं अंग चाटतं, तोंडातून लाळ गळते, थरथर सुटते, झटके येतात. गोठ्यातली आयव्हरमेक्टिनची, म्हणजे जनावरांच्या जंत-गोचिडांवरच्या औषधाची बाटली पण तशीच, अंदाजानं टोचायची वस्तू नाही ती. कुत्र्यांसाठी वजनावर मिळणारी खायची गोळी येते, कुणाची महिन्याची, कुणाची तीन महिन्यांची, डॉक्टरांना विचारून ती द्या आणि आधी कधी झटके आले असतील तर ते त्यांना नक्की सांगा.

आणि कुत्रं साफ केलं म्हणजे घर साफ झालं असं समजू नका. ही गोचीड भिंतीच्या फटीत, दगडांच्या सांदीत, खाटेखाली जाऊन हजारोंनी अंडी घालते. गोठा आणि कुत्र्याची जागा झाडून, फटी बुजवून घ्या. अंगावर एकदोन दिसल्या तर चिमट्यानं कातडीलगत धरून सरळ ओढा, बोटांनी चिरडू नका, काडीनं चटका नाही, रॉकेल नाही.

लातूरमध्ये एक जण कॉकरची पिल्लं विकतोय, एक महिन्याची आहेत, म्हणतो लवकर नेलं की लळा लागतो. वडील म्हणतात हे विलायती कुत्रं कामून घ्यायचं, आपली पश्मी घे. काय सल्ला द्याल?
*— एक वाचक, लातूर*

एक महिन्याचं पिल्लू कुणी देत असेल तर तिथून उठून या. कुत्र्यांच्या पैदाशीचे केंद्र सरकारचे २०१७ चे नियम आहेत, त्यात आठ आठवड्यांच्या आतलं पिल्लू विकता येत नाही, मादी दीड वर्षाची होईपर्यंत पैदास नाही आणि तिच्या आयुष्यात पाच वेतांपेक्षा जास्त नाही. लळ्याचं म्हणाल तर आईजवळ आणि भावंडांत आठ आठवडे काढलेलं पिल्लूच दात किती जोरात लावायचे, कुठं थांबायचं हे शिकून येतं. महिन्याभरात तोडलेलं पिल्लू पुढं चावरं, भित्रं निघायची भीती जास्त, वर लसीकरण सुरूच झालेलं नसतं आणि पार्व्हो हा पिल्लांचा जीवघेणा आजार गाठतो तो नेमका अशा वयात. लस सहा ते आठ आठवड्यांना सुरू होते आणि दर तीन-चार आठवड्यांनी सोळा आठवड्यांचं होईपर्यंत चालते, तोवर रस्त्यावर फिरवणं नको.

बघायला जाल तेव्हा आईला तिच्या जागेवर बघा, फक्त फोटो दाखवणारा माणूस नको. तिचे कान हुंगा, डोळे बघा, कॉकरमध्ये डोळे कोरडे पडणं, काचबिंदू, रेटिना हळूहळू खराब होणं हे वंशात चालत येऊ शकतं. केनेल क्लब ऑफ इंडियाचा वंशाच्या नोंदणीचा कागद दाखवला तर कातडीखाली बसवलेल्या मायक्रोचिपचा नंबर पिल्लाशी जुळवून घ्या.

वडिलांचं म्हणणं उडवून लावू नका बरंका. तुमच्या चाकूर तालुक्यातलं जानवळ पश्मी आणि कारवान या देशी शिकारी कुत्र्यांसाठीच नावाजलेलं आहे, ही कुत्री आपल्या उन्हात, आपल्या ज्वारीच्या रानात घडलेली आहेत. पश्मीच्या कानाशेपटीला रेशमासारखी झालर असते म्हणजे झालरीची हौस तिथंही भागते. पण ती पळणारी कुत्री, मोकळं रान मागतात, दोन खोल्यांच्या फ्लॅटमध्ये कोंडलं तर त्यांचे हाल. कॉकर फ्लॅटमध्ये राहतो, पण त्याला माणूस लागतो. घरातले सगळे सकाळी नऊला बाहेर आणि संध्याकाळी सातला परत अशी गत असेल तर माझं स्पष्ट मत आहे, सध्या कुठलंच पिल्लू आणू नका.

ऑक्टोबर हीटमध्ये केस पूर्ण काढले तर चालेल का? आणि पाण्याचे वांधे आहेत, टँकरवर आंघोळ किती वेळा?
*— धाराशिवहून एक जण*

वस्तरा मारून गोटा करू नका, तो केसांचा थर ऊनही अडवतो आणि कातडी भाजू देत नाही. पोट, काखा, पंज्यांमधले आणि कानाखालचे केस बारीक करा, एवढं पुरतं. आंघोळ तीन-चार आठवड्यांतून एकदा बस्स, रोज ब्रश असला तर एक बादली पुरते, नंतर कान कोरडे करायला विसरू नका. फिरायला ऊन चढायच्या आत जा, डांबरावर हाताची पालथी बाजू सात सेकंद ठेवून बघा, तुम्हाला सहन होत नसेल तर त्याच्या पंज्यांनाही होत नाही.

आमचं कुत्रं घरातच असतं, बाहेर सोडत नाही, मग रेबीजची लस दर वर्षी कशाला?
*— एक काका, हिंगोली*

काका, फाटकाच्या फटीतून एक चावा बसला तरी पुरे. रेबीज झाल्यावर इलाज नाही, ना कुत्र्याला ना माणसाला, म्हणून तिसऱ्या महिन्यात पहिली लस आणि पुढं डॉक्टर सांगतील तशी दर वर्षी. २८ सप्टेंबर हा जागतिक रेबीज दिन, लुई पाश्चर यांचा स्मृतिदिन, त्या निमित्तानं आम्ही गल्लीतल्या सतरा बेवारस कुत्र्यांना लस दिली, कारण गल्लीतलं कुत्रं सुरक्षित तर आपलंही सुरक्षित. आणि कुणालाही चावलं तर हळद-मिरची-चुना काही लावू नका, जखम वाहत्या पाण्याखाली साबणानं पंधरा मिनिटं धुवा आणि लगेच सरकारी दवाखाना गाठा, लस तिथं फुकट मिळते.

दिवाळीत पाहुणे कुत्र्याला चिवडा, लाडू देतात. चालतं का? आमची द्राक्षबाग पण आहे.
*— कडवंची, जि. जालना*

नाही चालत. लाडवातले बेदाणे, मनुके आणि बागेतली द्राक्षं यांनी कुत्र्याची किडनी निकामी होऊ शकते, किती खाल्ली की होईल याचा भरवसा नाही, एखाद्याला थोडीही बाधतात. चिवड्यातला तळलेला कांदा-लसूण रक्तातल्या तांबड्या पेशी फोडतो, चॉकलेट तर मुळीच नको. खाल्लं असेल तर उलटीची वाट न बघता तडक डॉक्टरांकडे, पहिले एकदोन तास महत्त्वाचे. फेब्रुवारीत तोडणी सुरू झाली की गळलेले मणी वेचेपर्यंत त्याला बागेत सोडू नका. पाहुण्यांच्या हातात देण्यासाठी उकडलेल्या चिकनचे तुकडे वाटीत काढून ठेवा, त्यांची हौस होते आणि त्याचंही पोट बिघडत नाही.

मी आठवीत आहे. आमची कॉकर चेरी दिवसभर भुंकते आणि चपला फाडते. पप्पा म्हणतात देऊन टाकू. मला ती नाही द्यायची. मी काय करू?
*— बीड*

बाळा, चेरी वाईट नाही, ती रिकामी आहे. कॉकर हे नाव वुडकॉक नावाच्या पक्ष्यावरून पडलंय, झाडोऱ्यात दबून बसलेला तो पक्षी वासावरून हुडकून उठवायचा हे तिच्या पूर्वजांचं काम, आपल्याकडं रानात तित्तर उठवतात ना तसं. तिचं नाक अजून ते काम शोधतंय. करोनाच्या वेळी आपल्या लष्करानं वासावरून आजार ओळखायला कुत्री तयार केली होती, फेब्रुवारी २०२१ मध्ये त्यांनी ती दिल्लीत दाखवली, त्यात कॅस्पर नावाचा कॉकर स्पॅनिअल होता आणि तमिळनाडूच्या चिप्पीपराई जातीची जया होती. ही कुत्री घामाच्या आणि लघवीच्या नमुन्यांवरून ओळखायची. हे पप्पांना वाचून दाखव.

आता तू असं कर. तिच्या रोजच्या जेवणातलं मूठभर बाजूला काढ. जुन्या टॉवेलमध्ये गुंडाळून दे, तिला सोडवू दे. दोन दिवसांनी तीन वाट्या उपड्या ठेव, एकीखाली खाऊ, तिला हुंगून शोधू दे. मग खोलीभर लपव, दारामागं, खाटेच्या पायाशी, आणि शोध म्हण. आठवडाभरानं अंगणात. सकाळी दहा मिनिटं, शाळेतून आल्यावर दहा मिनिटं, नाक वापरून कुत्रं जितकं दमतं तितकं पळूनही दमत नाही. चपला काही दिवस वर ठेवा आणि चावायला तिची स्वतःची वस्तू द्या. भुंकली की ओरडू नकोस, तिला वाटतं तूही तिच्यासोबत भुंकतोयस, गप्प झाली त्या क्षणी खाऊ दे.

आमची पुढची भेट दिवाळीनंतरच्या पहिल्या रविवारी त्याच शेतात आहे, सकाळी साडेसहाला, आणि या वेळी वास शोधायचाच खेळ ठेवलाय. पप्पांना आणि चेरीला घेऊन ये. लसीचं कार्ड, पाण्याची वाटी आणि बारीक दाताचा कंगवा सोबत आण, कुसळं अजून संपलेली नाहीत.